विसरणाऱ्यांचे गाव : ऋद्धिपूर, दत्तपूर आणि हिंगणी

'स्मृतिभ्रंश' हा शब्द मराठीत वैद्यकाच्या पुस्तकातून आलेला नाही. तो गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला आहे. विषयांच्या चिंतनापासून बुद्धिनाशापर्यंत माणसाच्या अधःपाताची जी उतरण तेथे वर्णिली आहे, तिच्यातील शेवटाकडच्या एका पायरीचे हे नाव. सेवाग्रामच्या आश्रमात सायंप्रार्थनेच्या वेळी स्थितप्रज्ञाच्या लक्षणांचे हे श्लोक नित्य म्हटले जात. म्हणजे वर्धा जिल्ह्याच्या मातीत हा शब्द कित्येक वर्षे रोज मावळतीला उच्चारला गेला आहे. मात्र त्याचा तेथला अर्थ निराळा होता. ज्याला क्रोध आवरला नाही त्याचे भान सुटते आणि भान सुटले की स्मृती ढळते, असा तो क्रम आहे. तेथे स्मृतिभ्रंश हा रोग नसून संयम सुटल्याचे फळ आहे.

पुढे 'डिमेन्शिया' या इंग्रजी संज्ञेसाठी मराठीने हाच शब्द उचलला. शब्द उचलताना त्याची जुनी सावलीही सोबत आली, असे आम्हांस वाटते. बोलीतील शब्द तर याहून कठोर आहेत. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण हसत हसत वापरतो. 'म्हातारचळ' या शब्दात वासनेचा संशय आहे. 'भ्रमिष्ट' म्हटले की माणूस हिशेबातूनच वजा होतो. आमच्या वऱ्हाडी बोलीत 'बुढा सटकला' एवढे म्हटले की विषय संपतो. त्यानंतर बुढ्याला काय होते आहे, हे विचारण्याची गरज कुणालाच उरत नाही. भाषेचे अध्यापन करणाऱ्यांना या गोष्टीकडे दुर्लक्ष करता येत नाही. ज्या अवस्थेला भाषेत केवळ हसण्याचे वा दोष देण्याचे शब्द आहेत, त्या अवस्थेतील माणसाशी गाव कसे वागणार?

हा प्रश्न आता लहान राहिलेला नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असावा. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. याच अभ्यासाने आणखी दोन गोष्टी दाखवल्या. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आहे. 'हे शहरातल्या, एकट्या राहणाऱ्या, खूप शिकलेल्या लोकांचे दुखणे' असा जो समज आहे, तो यामुळे निकालात निघतो. प्रश्न पुण्याचा वा मुंबईचा जितका आहे, त्याहून अधिक तो सेलू तालुक्यातील हिंगणीचा आहे.

प्रस्तुत लेखात हिंगणी हे गाव आम्ही उदाहरणादाखल घेतले आहे. सेलूहून बोर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. पलीकडे बोरचे जंगल. १९७० मध्ये ते अभयारण्य झाले आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. देशातील सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते. अलीकडे कपाशी, तूर, सोयाबीनची शेते. विदर्भातील पुष्कळ गावांसारखेच हे एक गाव. तरुण मुले नागपूर-पुण्याकडे गेलेली आणि म्हातारी माणसे घर, शेत, अंगण सांभाळत मागे राहिलेली. अशा गावाने, तिथल्या दुकानदारांनी, शेजाऱ्यांनी, कर्मचाऱ्यांनी विसरणाऱ्या माणसाला सांभाळून घ्यायचे म्हणजे नेमके काय करायचे? 'डिमेन्शिया-स्नेही गाव' ही कल्पना परदेशातून आली आहे, असे म्हणून ती बाजूला सारणे सोपे आहे. आमचे म्हणणे असे की, या कल्पनेची पाळेमुळे शोधायला वर्धा आणि अमरावती हे दोन जिल्हे पुरेसे आहेत.

प्रथम ऋद्धिपूर. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील या गावी तेराव्या शतकात श्रीगोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ राहत. ते चक्रधरस्वामींचे गुरू. म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणींचा जो ग्रंथ सिद्ध केला, तो 'ऋद्धिपुरचरित्र' अथवा 'गोविंदप्रभुचरित्र' या नावाने मराठीच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. अभ्यासक्रमात तो आद्य गद्य म्हणून येतो. भाषेची रूपे, विभक्तिप्रत्यय, तत्कालीन खाद्यपदार्थ यांची टिपणे काढून आपण पुढे जातो. पण हा ग्रंथ आणखी एका दृष्टीने वाचता येतो. एका विलक्षण माणसासह एक गाव कसे जगले, त्याची ती नोंदवही आहे.

राऊळ स्वतःशीच बोलत, हसत, रुसत. बाजारात हिंडत, समोर दिसेल ते उचलून खात. कुणाच्याही घरात शिरत. जातीच्या सीमा त्यांना अडवीत नसत. देवळातील मूर्तींशी लहान मुलासारखे खेळत. गावातील काही लोक त्यांना पिसे म्हणत, काही देव म्हणत, आणि पुष्कळ जण एकाच श्वासात दोन्ही म्हणत. ग्रंथात लक्ष वेधून घेते ती भोवतालच्या माणसांची वागणूक. दुकानदार पदार्थ हिसकावून घेत नाहीत. बाया घरात आलेल्या राऊळांना जेवू घालतात. सोबतची शिष्यमंडळी त्यांच्या मागे मागे राहतात. त्यांना कोंडून ठेवीत नाहीत, पण नजरेआडही होऊ देत नाहीत. आजच्या भाषेत सांगायचे तर त्यांना हिंडण्याची मोकळीक होती आणि त्या मोकळिकीला राखणही होती.

येथे घाई करून चालणार नाही. राऊळांना स्मृतिभ्रंश होता, असे आम्ही म्हणत नाही. सातशे वर्षांपूर्वीच्या सत्पुरुषाला आजचे निदान चिकटवणे हा अनैतिहासिक खेळ होईल आणि ज्यांच्या श्रद्धेचे ते स्थान आहे त्यांच्यावर अन्यायही. शिवाय ऋद्धिपूरच्या लोकांनी त्यांना सांभाळले ते त्यांच्यात ईश्वर पाहिला म्हणून. ज्याच्यात देव दिसत नाही, अशा सामान्य वेड्याचे त्याच गावात काय होत असे, हे तो ग्रंथ सांगत नाही. देवत्वाच्या आधाराने मिळालेली जागा सर्वांना मिळत नाही. तरीही एक गोष्ट सिद्ध होते. विचित्र वागणाऱ्या माणसाला बाजारपेठेतून हाकलून द्यावेच लागते असे नाही. बाजार त्याच्याभोवती आपले वळण थोडे बदलू शकतो. मराठी गद्याच्या पहिल्याच टप्प्यावर ही नोंद आहे, आणि तिच्या गावी आता मराठी भाषा विद्यापीठही उभे राहिले आहे, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो.

दुसरे गाव दत्तपूर. वर्धा शहराजवळ १९३६ मध्ये विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी येथे कुष्ठधाम सुरू केले. त्या काळी या रोगाला 'महारोग' म्हणत आणि संस्थेचे नावही महारोगी सेवा मंडळ. मिशनऱ्यांची कुष्ठालये देशात त्याआधीपासून होती. पण आश्रमातून निघालेला एक मराठी तरुण ज्यांच्याजवळ नातलगही जात नाहीत त्यांच्यासाठी आयुष्य देतो, ही गोष्ट नवी होती. त्यानंतर तीन वर्षांनी, १९३९ मध्ये, परचुरेशास्त्री सेवाग्रामला आले. संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातील गांधीजींचे सहबंदी. आता सर्वांगावर रोग घेऊन आलेले. गांधीजींनी आपल्या कुटीजवळच त्यांच्यासाठी कुटी बांधवली आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालिश केले. परचुरे कुटी सेवाग्रामला येणाऱ्यांना आजही पाहता येते. पुढे शास्त्रीजी दत्तपूरला गेले आणि १९४५ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

याच प्रदेशात त्यानंतर कुष्ठसेवेची मोठी परंपरा उभी राहिली. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन झाले. हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन फुलवले. या संस्थांनी माणसांना श्रम दिले, हुन्नर दिला, मान दिला. मात्र इतिहासाकडे पाहताना एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. ही वेगळी वसवलेली गावे होती. मूळ गावाने ज्यांना बाहेर काढले त्यांच्यासाठी नवे गाव वसवणे, हा त्यांचा मार्ग. तो त्या काळी अपरिहार्य होता. पण मूळ गाव मात्र जसेच्या तसे राहिले. दत्तपूर उभे राहिले म्हणून नवरगावच्या वा केळझरच्या वेशीवरची भीती कमी झाली, असे झाले नाही.

ती कमी करण्याचा मार्ग तिसऱ्याच प्रयत्नातून निघाला, आणि तोही वर्ध्यातूनच. १९५१ मध्ये गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनचे काम सुरू झाले. तिचे डॉ. आर. व्ही. वारदेकर यांनी एक साधी कार्यपद्धती घडवली. तिचे तीन भाग होते : सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. रोग्याने दवाखान्यात यावे अशी वाट पाहत बसायचे नाही. कार्यकर्त्याने घरोघर जायचे. रोगी शोधायचा, त्याच्या घरच्यांना आणि गावाला रोगाविषयी खरे काय ते सांगायचे आणि त्याच गावात, त्याच घरात गोळ्या द्यायच्या. डॅप्सोन हे औषध हाताशी आलेले होते, म्हणून हे शक्य झाले हे खरे. पण औषध असूनही माणूस लपून बसला तर ते औषध कुणाला देणार? म्हणून मधला शब्द, 'शिक्षण', हा त्या पद्धतीचा कणा होता. १९५५ मध्ये देशाचा कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्याने ही पद्धती स्वीकारली. सेवाग्रामच्या आसपासच्या खेड्यांत जी चालून पाहिली, ती वाट देशाची झाली.

हळूहळू शब्दही बदलला. 'महारोग' मागे पडला, 'कुष्ठरोग' रूढ झाला. कायदा मात्र फार मागून आला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून विवाहविषयक कायद्यांतून २०१९ मध्ये काढून टाकले गेले. दत्तपूरच्या स्थापनेपासून मोजले तर ही ८३ वर्षे. लोकांच्या मनातून भीती जायला किती वेळ लागतो, याचा अंदाज या आकड्यावरून यावा.

कुष्ठरोग आणि स्मृतिभ्रंश यांत फरक मोठा आहे. एक जंतूंमुळे होतो, दुसऱ्याचा संसर्गाशी संबंध नाही. एक औषधाने बरा होतो. दुसऱ्याच्या बहुतेक प्रकारांवर आजमितीस पूर्ण बरे करणारे औषध नाही. परंतु दोहोंभोवती समाजाने बांधलेली भिंत एकाच मातीची आहे : लाज, लपवालपवी, 'पूर्वजन्मीचे पाप' वा 'कुणाची तरी करणी' हा संशय, आणि घराच्या मागच्या खोलीत बंद झालेले माणूस. एकट्या, विधवा, काहीबाही बडबडणाऱ्या म्हातारीला चेटकीण ठरवण्याची प्रथा आपल्याकडे काल्पनिक नव्हती; २०१३ मध्ये महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो उगाच नव्हे.

स्मृतिभ्रंशाचा वैद्यकीय इतिहासही एका स्त्रीपासून सुरू होतो. १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. डॉ. अलॉइस आल्झायमर यांनी तिला प्रश्न विचारले आणि तिची उत्तरे जशीच्या तशी टिपून ठेवली. स्वतःचे नाव लिहितानाही ती मध्येच थांबे. तिच्या मृत्यूनंतर मेंदूची तपासणी करून १९०६ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी या रोगाला आल्झायमरचे नाव दिले. या इतिहासाचे महत्त्व असे की, 'म्हातारपणी असे व्हायचेच' हे वाक्य तेव्हापासून खोटे ठरले. ते म्हातारपण नव्हे, मेंदूचा आजार होता. भारतात मात्र या जाणिवेने संघटित रूप घ्यायला १९९२ साल उजाडले. त्या वर्षी केरळमध्ये अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. मराठी प्रेक्षकांसमोर हा आजार ठळकपणे आला तो सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' (२०१३) या चित्रपटातून. मोहन आगाशे यांनी रंगवलेले संस्कृतचे पंडित चक्रपाणिशास्त्री हत्तीच्या मागे चालत हरवतात. त्यांना सांभाळते ती हत्ती घेऊन भटकणारी, परभाषक, गरीब बाई. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या बाईला रोगाचे नाव ठाऊक नसते. समोरचा माणूस भुकेला आहे, भ्याला आहे, त्याला आई हवी आहे, एवढे तिला कळते. परचुरेशास्त्री आणि चक्रपाणिशास्त्री, एक इतिहासातले आणि एक कथेतले. दोघांचेही पांडित्य उपयोगी पडले नाही, उपयोगी पडली ती कुणी तरी लावलेली माया.

परंतु मायेवर विसंबून गाव चालत नाही, त्यासाठी रीत लागते. जपानने ही गोष्ट ओळखली. तेथे या आजाराला 'चिहो' म्हणत. त्या शब्दात मूर्खपणाचा अर्थ होता. २००४ मध्ये शासनाने तो शब्द बदलून 'निन्चिशो', म्हणजे आकलनाचा विकार, असा नवा शब्द आणला. लगेच २००५ पासून सामान्य नागरिकांसाठी सुमारे दीड तासाचे वर्ग सुरू झाले. बँकेतले कारकून, दुकानदार, टॅक्सीचालक, शाळेतली मुले त्या वर्गांना बसली. असे वर्ग केलेल्यांची संख्या पुढे कोटीच्या पलीकडे गेली. ओमुता हे एकेकाळचे कोळसा खाणींचे शहर. खाण १९९७ मध्ये बंद पडली, तरुण गेले, म्हातारे राहिले. तेथे हरवलेल्या वृद्धाला शोधण्याची दरवर्षी रंगीत तालीम होऊ लागली. एक माणूस हरवल्याची बतावणी करून रस्त्यावर हिंडे आणि लोकांनी त्याच्याशी कसे बोलायचे, याचा सराव होई. शब्द बदला, लोकांना शिकवा, मग माणूस त्याच्या गावातच राहू द्या. वारदेकरांच्या त्रिसूत्रीहून हे फारसे निराळे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये स्वीकारलेल्या आराखड्यातही निम्म्या देशांनी निदान एक तरी स्मृतिभ्रंश-स्नेही उपक्रम उभा करावा, असे उद्दिष्ट आहे. आपल्याकडे केरळात कोची शहराने त्या वाटेवर पावले टाकली.

आता हिंगणीकडे वळू. सर्वेक्षणाचे साधन गावात आधीच आहे. आशा कार्यकर्ती तिशीपुढच्या माणसांसाठी जी प्रश्नावली भरते, तिच्यात साठीपुढच्यांना एक प्रश्न आहे : जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता आपण विसरता का? हा प्रश्न नीट, सवड काढून, घरच्यांसमोर विचारला गेला तर निम्मे काम झाले. उत्तर 'होय' आले तर माणसाला डॉक्टरकडे नेले पाहिजे. कारण ब जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे दुखणे, खिन्नता यांमुळेही असा विसर पडतो आणि तो उपचाराने सुधारू शकतो. वर्ध्यात सेवाग्रामचे रुग्णालय आहे; तेथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ पासून विद्यार्थ्यांना खेड्यांत नेते. डॉ. उल्हास जाजू यांनी याच परिसरात गावकऱ्यांकडून ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेऊन आरोग्य विम्याची योजना चालवून दाखवली होती. गावाने एकत्र येऊन आजार वाटून घेणे ही येथे नवी भाषा नाही.

शिक्षणाचा भाग अधिक बारकाईचा आहे, आणि तो दुकानांतून सुरू होतो. किराणा दुकानदाराला सर्वांत आधी कळते. एकच माणूस सकाळी साखर नेतो, दुपारी नेतो, संध्याकाळी पुन्हा येतो. पैसे दोनदा देतो, किंवा दिले असे समजून निघून जातो. नोटा मोजताना हात थांबतो. अशा वेळी 'काका, आत्ताच तर नेली' असे चारचौघांत म्हणण्यापेक्षा उधारीच्या वहीत नोंद ठेवून घरी कळवणे चांगले. साखर परत घेता येते, गेलेली पत परत येत नाही. कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्याची जबाबदारी याहून मोठी. कपाशीच्या पट्ट्यात कीटकनाशकाची बाटली घरोघर असते; गोंधळलेल्या हातात ती देणे म्हणजे काय, हे सांगायला नको. पानठेल्यावर, सलूनमध्ये, पिठाच्या चक्कीवर लोक थट्टेने विचारतात, 'ओळखलं का मला?' विसरणाऱ्याला हा प्रश्न परीक्षेसारखा वाटतो. 'मी अमक्याचा मुलगा' असे आपणच आधी सांगितले तर त्याची अब्रू राखली जाते. हळू बोलावे, एका वेळी एकच गोष्ट विचारावी, वाद घालू नये. हे शिकायला पैसा लागत नाही.

बँकेत, टपाल कार्यालयात आणि तलाठ्याकडे गोष्ट गंभीर होते. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला, रेशनसाठी अंगठा, सातबाऱ्यावरच्या फेरफारासाठी सही. ज्याला आपण काय करतो आहोत हे कळत नाही, त्याचा अंगठा जमिनीचा कागद बदलू शकतो. विसरणाऱ्याचे सर्वांत मोठे नुकसान पुष्कळदा परक्याकडून नव्हे, सोबत आलेल्या आपल्याच माणसाकडून होते. म्हणून 'सोबत कोण आले आहे, आणि आजोबांना हे समजले आहे का' हा प्रश्न टेबलापलीकडच्या माणसाने विचारलाच पाहिजे. स्नेही वागणे म्हणजे केवळ गोड बोलणे नव्हे. कधी कधी ते काम थांबवणेही असते.

एसटीचा विषय निराळाच आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत झाला. ही सवलत चांगलीच आहे. पण पूर्वी तिकीट काढताना 'कुठे जायचे' हे सांगावे लागे आणि खिशात पैसे नसले तर प्रवास थांबे. आता पैशाचा तो अडसर राहिला नाही. सेलूला उतरायचे ते म्हातारे गृहस्थ नागपूरला पोचू शकतात. अशा वेळी वाहक हाच त्यांचा राखणदार.

आणि जंगल. वृद्ध स्त्री संध्याकाळी अस्वस्थ होते, 'मला घरी जायचं आहे' म्हणते आणि स्वतःच्याच घरातून निघते. तिला पन्नास वर्षांपूर्वीचे माहेर आठवत असते. जुन्या शेताची, जुन्या विहिरीची, माहेरच्या गावाची वाट ती धरते. हिंगणीसारख्या गावात ती वाट धरणाकडे किंवा वाघाच्या रानाकडे जाऊ शकते. म्हणून शोध सुरू करताना 'ती पूर्वी कुठे राहत होती' हा पहिला प्रश्न असावा, आणि शोध सकाळपर्यंत लांबवू नये. गुराखी, वनरक्षक, धरणावरचे कर्मचारी यांना हे आधीच ठाऊक असेल तर पहिले काही तास वाया जात नाहीत. ओमुताची रंगीत तालीम येथे पोळ्यानंतरच्या एखाद्या मोकळ्या दिवशी करता येईल.

विदर्भाच्या गावांजवळ आणखी एक साधन आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रेरणेने सुरू झालेली सामुदायिक प्रार्थना आणि गावोगावची भजनी मंडळे. नावे विसरलेली माणसे लहानपणीची भजने मात्र पुष्कळ काळ विसरत नाहीत. सुराची आठवण मेंदूत उशिरापर्यंत टिकते, हे वैद्यकालाही मान्य आहे. अशा माणसाला 'घरीच बसव' म्हणण्याऐवजी भजनात टाळ धरायला बसवले, तर निदान तेवढा वेळ तो रुग्ण नसतो, भजनकरी असतो.

या विचारावर रास्त आक्षेप घेतले जातील. पहिला आक्षेप असा की, 'गाव सांभाळेल' म्हणणे सोपे. प्रत्यक्षात सांभाळते ती घरातली सून. हे खरे आहे. म्हणूनच दुकानदाराने, शेजाऱ्याने, वाहकाने उचललेला भार हा त्या सुनेच्या खांद्यावरून उतरलेला भार असला पाहिजे. तसे नसेल तर सारा उपक्रम फलकापुरता. दुसरा आक्षेप, गावाला कळले की थट्टा होते, मुलींची लग्ने अडतात. हा तर महारोगाचाच जुना धडा. लपवल्याने भीती वाढते, आणि सांगण्याआधी गाव तयार नसेल तर सांगणाराच भरडला जातो. म्हणून आधी शिक्षण आणि मग जाहीर ओळख, हा क्रम उलटा करता येणार नाही. तिसरा आक्षेप, शासनाची जबाबदारी गावावर ढकलली जाईल. ती ढकलू देता कामा नये. वारदेकरांच्या त्रिसूत्रीतून उपचार वगळला असता तर उरली असती ती केवळ उपदेशमाला. तज्ज्ञ डॉक्टर, औषधे, दिवसभर सांभाळणारी केंद्रे ही मागणी कायम राहिली पाहिजे.

शेवटी पुन्हा म्हाइंभटांकडे वळतो. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर 'लीळाचरित्र' सिद्ध झाले, ते एका माणसाच्या स्मरणशक्तीवर नव्हे. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याच्याकडून ऐकून, नागदेवाचार्यांसमोर पारखून ते लिहिले. आठवणी जुळल्या नाहीत तेथे कुणाचा पाठ कोणता, हे महानुभाव परंपरेने नोंदवून ठेवले. एकाची आठवण खोटी ठरवून दुसऱ्याची माथी मारली नाही. मराठीतील पहिला मोठा गद्यग्रंथ अशा रीतीने अनेकांच्या स्मृतीतून उभा राहिला आहे. स्मृती ही एकेकट्याच्या डोक्यात कुलूपबंद असलेली मालमत्ता नव्हे, असेच जणू तो ग्रंथ आपल्याला सांगतो.

हिंगणीतल्या एखाद्या म्हाताऱ्याला उद्या स्वतःचे नाव आठवले नाही, तरी ते किराणा दुकानदाराच्या वहीत आहे, न्हाव्याला ठाऊक आहे, भजनी मंडळाच्या पेटीवाल्याला ठाऊक आहे, शेजारच्या बाईच्या ओठांवर आहे. तो कुणाचा मुलगा, कोणत्या शेतात त्याने विहीर खणली, कोणत्या सालच्या पुरात त्याने कुणाचा बैल वाचवला, हे गावाला ठाऊक असते. तो विसरला म्हणून हे सारे नाहीसे होत नाही. नाहीसे होते ते गावाने त्याला विसरायचे ठरवले, म्हणजे.